निळा चिमटा

आमची रक्त तपासायची लॅब सातला उघडते. उपाशीपोटी आलेले लोक दारात ताटकळतात, म्हणून मी सव्वासहालाच सायकल काढते. रस्ता कालव्याच्या कडेचा. दुसऱ्या बाजूला गोदामांची लांबलचक भिंत. तिथे मला सगळेच मागे टाकतात. दूधवालासुद्धा.

त्यातलेच ते सायकल क्लबवाले. अंगाला चिकटलेले भडक कपडे, वाकलेल्या पाठी. त्यांचा एक शिरस्ता आहे. पहिला "उजवीकडून!" म्हणून ओरडतो आणि सगळ्यात मागचा आपल्याला ओलांडताना "शेवटचा!" म्हणतो. म्हणजे आता मागे कोणी नाही, आपण निर्धास्त व्हावं.

दोन वर्षांपूर्वी तिथे "शेवटची!" ऐकू यायचं. ती माझी ताई.

तिने तसले कपडे आणले तेव्हा आत्याने घर डोक्यावर घेतलं. "असली चड्डी घालून उंडारायचं? लोक काय सायकल बघतात होय गं?"

"आत्या, मी इतक्या जोरात जाते, लोकांना दिसतंय कुठे!"

ताई हसली. मला नाही हसू आलं. मला लोकांचीही भीती आणि आत्याचीही. मीच माझी राखाडी सैल पँट तिच्यापुढे धरली. "वरून घाल ना ताई... माझ्यासाठी." ती घालू लागली. पायचा साखळीत जाऊ नये म्हणून उजव्या घोट्याशी कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावायची. एके सकाळी तो चिमटा मी काढून घेतला. दोरीवर वाळत घातलेला माझा ॲप्रन वाऱ्याने उडत होता. "एक दिवस नाही लावलास तर काय बिघडतंय?"

पायचा साखळीत अडकला. ती ट्रकखाली गेली.

भेटायला येणाऱ्यांना आत्या सांगायची, "त्यातल्या त्यात एवढंच बरं, अंगभर कपडे होते." बायका माना डोलवायच्या. मीही डोलावली. चिमट्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही. तो कपाटात कुलूप लावून ठेवला.

परवा दाट धुकं होतं. "उजवीकडून!" एकामागून एक सगळे गेले. शेवटी मास्तर. क्लबातले सगळ्यात म्हातारे. ताईची जागा आता त्यांच्याकडे. "शेवटचा! सांभाळून गं पोरी." त्यांचा लाल दिवा धुक्यात विरला.

आणि मागून साखळीचा आवाज आला. संथ. प्रत्येक फेऱ्याला सैल कापडाची एक फडफड... मी कडेला झाले. आवाज पुढे गेला नाही. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. मी थांबले. तोही थांबला. ओल्या ग्रीसचा वास आला.

"ताई...?"

मागे वळून पाहिलं. नुसतं धुकं.

"मी सांगते सगळ्यांना... चिमटा मी काढला होता..."

उजव्या कानाशी कुणीतरी श्वास आत घेतला. हाक मारण्याआधी घेतात, तसा. हाक आली नाही. मी जिवाच्या आकांताने पेडल मारत सुटले.

लॅबच्या दारात एक आजोबा म्हणाले, "मॅडम, पायाला चिमटा राहिलाय तुमच्या."

उजव्या पायच्याला. निळा. त्याच्या दातांत राखाडी धागा अडकला होता.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. "झालं ते झालं. बाहेर बोलू नकोस. लोक काय म्हणतील?" मग माझ्याकडे नीट बघून, "आणि तू ही घट्ट पँट घालून जातेस होय लॅबमध्ये?"

मी मान डोलावली. नेहमीसारखीच.

आज पुन्हा धुकं होतं. सगळे गेले, मास्तरही गेले, पण काही न बोलता. मीच ओरडले, "मास्तर, 'शेवटचा' म्हणायला विसरलात!"

त्यांनी चालत्या सायकलवरून मान वळवून माझ्या मागे पाहिलं.

"विसरेन कसा? मी कुठे शेवटचा? ती सैल पँटवाली येतेय की तुझ्या मागून..."