आठ आवाजांची पेटी

तयार सिंथेसायझर घ्यायचा म्हणजे चाळीस हजार, आणि घरी जुळवायचा म्हणजे सहा हजार अधिक डोक्याचा भुगा, असा हिशेब सुमंतने उन्हाळ्याच्या तोंडावर मांडला. तीस वर्षं विजेचे मीटर तपासून निवृत्त झालेला माणूस, तो भुग्याला थोडाच भिणार! आवाज साठवणारी चिप तेवढी महाग होती. तिथे त्याचा चिक्कूपणा उफाळून आला आणि इतवारीतल्या बळीरामच्या भंगार दुकानात तीच चिप त्याने पन्नास रुपयांत पटकावली.

"आठ आवाज राहतात हिच्यात," बळीराम म्हणाला. "पहिलेच्या गिऱ्हाइकानं वापस आणून देली."

"काहून? खराब आहे का?"

"नाही गा भाऊ. सोबतचा पोरगा म्हणे, घरी लय शांत झालं."

सक्करदऱ्याला सुमंतच्या घरी, तलावाच्या बाजूच्या खोलीत पेटी तयार झाली. ती आवाज टिपत नसे, तो घडवावा लागे. बारा खुंट्या पिळत बसायचं, कानाला हुबेहूब वाटला की बटण दाबायचं. दिवा लागला की आवाज पेटीत बसला.

सुमंतने आधी कूलरची घरघर घेतली. चार दुपारी गेल्या. पाचव्या दुपारी पेटी कोणती आणि कूलर कोणता, हे त्यालाच कळेना. त्याने बटण दाबलं, पहिला दिवा लागला. वाळ्याच्या वासाची गार हवा येतच राहिली, पंखा फिरत राहिला, पण कूलर मुका झाला.

"बरं झालं बाई, डोकं उठलं होतं," त्याची बायको प्रेमलता म्हणाली.

सुमंतने कूलर उघडला. बेअरिंग कोरडं ठणठणीत होतं, खडखडायलाच हवं होतं.

मग कुकरची शिटी. ती तासाभरातच जमली. दुसरा दिवा लागला त्या दिवशी वाफ गुपचूप निघून गेली आणि भात करपला. नवी शिटी आणली, तीही वाजेना. मग कडुनिंबावरचा कोकीळ. तिसरा दिवा लागल्यावर तो खिडकीशी गेला. पक्षी चोच उघडत होता, त्याचा गळा फुगत होता पण आवाज नव्हता; दुपार झोपेत असल्यासारखी पडून होती.

आता मात्र सुमंत घाबरला. कारण प्रेमलता दिवसभर गुणगुणायची. तांदूळ निवडताना, केस विंचरताना, भजनी मंडळाला जायच्या घाईत. नोकरीत असताना जिन्यातूनच ते गुणगुणणं कानावर आलं की त्याचा दिवसभराचा शीण उतरायचा. तेवढ्यासाठीच तो घरी यायचा म्हणा ना.

"माझा आवाज बसवा नं त्याच्यात," ती म्हणाली. "आपली दोघांची जोडी होऊन जाईल."

"हात नको लावू त्याले!"

कारण सांगायला हवं होतं. पण उन्हानं डोकं फिरलं म्हणत ती हसली असती.

तिने गाल फुगवले. "इतकं काय कठीण आहे? मी पाहूनच तर राहिली रोज."

दुसऱ्या दिवशी जेवण होताच तो इतवारीत गेला.

"बळीराम, यातले आवाज वापस कसे काढायचे?"

बळीराम लोखंड तोलत होता. "मी बी विचारलं होतं त्या गिऱ्हाइकाले. तो काही बोललाच नाही. नुसते हातवारे करून राहिला होता."

सुमंत मिळेल त्या ऑटोत बसला.

जिन्यात काही ऐकू आलं नाही.

दार लोटलेलं होतं. प्रेमलता पेटीपुढे पाठमोरी बसली होती. मान तालात डोलत होती. आरशात तिचे ओठ हलताना दिसत होते, पण खोलीत तिचा आवाज नव्हता.

पेटीवर चौथा दिवा जळत होता.

पेटीतून एक घोगरा हुंकार येत होता. पेपराआडून सुमंत तिला द्यायचा, अगदी तसाच. तिने शेवटची खुंटी केसभर फिरवली, खुशीत मान हलवली आणि बटणावर बोट ठेवलं.

"थांब!" सुमंत जीव खाऊन ओरडला.

तिने वळूनही पाहिलं नाही. पाचवा दिवा लागला होता.