कोंडवाड्यातली फाइल

मोठ्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, पुस्तक-बांधणी विभागाला लागून, संगणक-दुरुस्तीची लांबट खोली होती. तिथे सतरा वर्षं काम करणाऱ्या थोरलीची एक शिस्त होती. अनोळखी फाइल दिसली की लोक घाबरून पुसून टाकतात. थोरली आधी तिची चौकशी करी. कुठल्या फोल्डरात राहते, कधी जन्मली, डिजिटल सही कुणाची, दुसऱ्या निरोगी यंत्रावर तशीच फाइल आहे का. तरीही संशय उरला तर फाइलीची प्रत कोंडवाड्यात जाई. टेबलाखालच्या, नेटशी संबंध तोडलेल्या यंत्राला ती कोंडवाडा म्हणे. मग यंत्रावर चिठ्ठी चिकटे: ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’. खाली सही. तिची एकही चिठ्ठी आजवर खोटी ठरली नव्हती.

त्या सोमवारी दुपारी तिची धाकटी बहीण आईचा लॅपटॉप छातीशी धरून आली.

“ताई, यात एक भलतीच फाइल आलीये. सिस्टिमच्या फोल्डरात. मी काही केलं नाही हं, शप्पथ!”

“तू कधी काही करतेस का?”

“टोमणे नंतर मार. आधी बघ.”

आईला जाऊन पाच महिने झाले होते. लॅपटॉप धाकटीकडे गेला, शिवणयंत्र गेलं, चष्म्याचं घरसुद्धा गेलं. वाटणीच्या वेळी कुणीच वाईट वागलं नव्हतं. मावशी एवढंच म्हणाली होती, “थोरलीला काय, ती समजूतदार आहे.” हे वाक्य थोरली वयाच्या पाचव्या वर्षापासून ऐकत आली होती. आई टंकलेखिका होती. दुपारचा चहा झाला की, बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी, ती धाकटीला ऑफिसातून फोन करी. निवृत्त झाल्यावरही तो फोन चुकला नाही. थोरलीला फोन येई तो काही काम निघालं तर.

तिने चौकशी सुरू केली. फाइलीवर सही नव्हती. निरोगी यंत्रावर तशी फाइल नव्हती. विषाणू शोधणाऱ्या तिन्ही प्रोग्रॅमांनी मात्र ती निर्दोष ठरवली. जन्मतारीख पाहून थोरली थबकली. आई गेली त्याचा दुसरा दिवस. वेळ, चार वाजून दहा.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“चार दहा,” धाकटी म्हणाली, आणि पडद्यावर फाइलीचा आकार वाढला. किंचितच. एखादी ओळ मावेल इतका.

खोलीत डिंकाचा वास होता. शेजारच्या बांधणी विभागात कागदाचं कापणीयंत्र खाली येत होतं, वर जात होतं.

“हसू नकोस, ताई,” धाकटी हळूच म्हणाली. “पण या वेळेला ह्याच्यासमोर बसलं ना, की आई शेजारी बसल्यासारखं वाटतं. फाइल चांगली असेल तर राहू दे.”

“बघते. ठेवून जा.”

मंगळवारी थोरली एकटीच त्या लॅपटॉपसमोर बसली. चार दहा झाले, चार पंधरा झाले. आकार तसूभरही हलला नाही. बुधवारी धाकटी चौकशीला आली, खुर्ची ओढून बसली, आणि चार दहाला आकार वाढला.

ती हात धुवायला गेली तेवढ्यात थोरलीने फाइल उघडली. सगळा चिन्हांचा कचरा होता. पण त्या कचऱ्यात, गव्हातल्या खड्यांसारखा, एक शब्द पुनःपुन्हा दिसत होता. तिने तो शोधायला लावला.

बबडी. आढळ: २१२.

धाकटीला बबडी म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

मग तिने स्वतःला शोधलं. आई तिला थोरलीच म्हणायची.

थोरली. आढळ: ०.

तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. मेल्यावरसुद्धा? धाकटी ओले हात ओढणीला पुसत परत आली तोवर चिठ्ठी लिहून झाली होती.

“असुरक्षित,” थोरली म्हणाली. “पुसावी लागेल.”

“नक्की ना?”

“माझा शब्द कधी खोटा ठरलाय?”

धाकटीने मान खाली घातली. “नाही गं. तू म्हणतेस तर पूस.” थोरलीने फाइल पुसली. लॅपटॉप उचलताना धाकटीने त्याच्या झाकणावरून एकदा हात फिरवला.

प्रत मात्र कोंडवाड्यात होती. गुरुवारी चार वाजता थोरलीने दार लावून घेतलं आणि त्या यंत्रापुढे बसली. तिथे आता तिच्याशिवाय कुणीच नव्हतं. बोलायचं तर तिच्याशीच बोलावं लागणार होतं.

चार दहाला आकार वाढला.

तिचे डोळे भरून आले. पण आकार थांबेना. वाढतच राहिला. तिने शोध लावला.

थोरली. आढळ: ०.

बबडी. आढळ: ३४०.

पुन्हा लावला. ५१८.

बाजारात पोर हरवलं की आई अशा हाका मारत सुटते.

६४३.

फाइल धाकटीकडे परत न्यायची तर चिठ्ठी खोटी होती हे सांगावं लागणार होतं. फोन हाताशी होता. तिने तो पालथा ठेवला. मग कीबोर्ड ओढला आणि फाइलीच्या अगदी शेवटी टंकलं:

आई, मी बबडी. इथेच आहे.

आकार थांबला. बबडी. आढळ: ७०७.

कापणीयंत्रही थांबलं होतं. थोरली आकड्याकडे बघत बसली. लहानपणी तिने एकदाच धाकटीचा आवाज काढून आईला फसवू पाहिलं होतं. आई ओरडली नव्हती. आई कधीच ओरडत नसे. खोटं पकडलं की ती फक्त पूर्ण नावाने हाक मारी. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सावकाश, एकेक अक्षर टंकल्यासारखं.

आकार वाढला. एकदाच. एखादी ओळ मावेल इतका.

तिने शोध लावला. थोरली. आढळ: ०.

बबडी. अजूनही सातशे सात. तो शेवटचा एक तिचाच होता.

मग शोधाच्या चौकटीत तिने आपलं पूर्ण नाव टंकलं. तिन्ही शब्द.

आढळ: १.