मिशीपाशी गळणारी हवा

वाशीहून तिसरा मास्क घेऊन मी कळंबोलीच्या स्टॉपवर उतरले, तेव्हा माझ्या मनात भुताखेतांचं काही नव्हतं. होती ती नुसती चीड. पहिला मास्क नाकाच्या दांड्यावर रुतून जखम करायचा, दुसरा कूस बदलली की गालावरून निसटायचा, आणि आता हा तिसरा. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट आहे. तेव्हा असलं श्वासाचं मशीन आमच्यासारख्यांच्या घरात कुणी पाहिलेलंही नव्हतं. आम्ही ते भाड्याने आणलं, तेव्हा शेजारची यशोदाबाई दारातून वाकून बघत म्हणाली होती, "भामे, नवऱ्याला घरातच आयसीयूत टाकलंस काय गं?"

माझे यजमान हौसेराव लोखंड बाजारातल्या एका गोदामात रात्रपाळीचे मुकादम होते. रात्रभर ट्रेलरवर सळ्या चढवून घ्यायच्या, सकाळी घरी यायचं आणि दिवसभर झोपायचं. त्यांचं घोरणं आमच्या बैठ्या खोल्यांच्या ओळीला पाठ होतं. पोरं त्यांना लाडाने क्रेन म्हणायची. मीही हसायचे. पण मला जे ठाऊक होतं ते पोरांना नव्हतं. ते घोरणं मधेच तुटायचं. भाकरी थापता थापता माझा हात थांबायचा. मी मोजायला लागायचे. दहा... पंधरा... वीस... मग पिठाच्या हातानेच धावत जाऊन त्यांना कोपराने ढोसायचे. मोठा आचका देऊन श्वास परत यायचा, आणि मी परत भाकरीकडे. अकरा वर्षं मी असा संसार केला.

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं आणि मशीन दिलं. मशीन नळीतून हवा सोडतं आणि मास्क ती नाकात कोंडून धरतो, म्हणजे झोपेत घसा मिटत नाही. मास्क चेहऱ्याला नीट चिकटला पाहिजे, एवढीच काय ती अट. नीट बसला तर आवाज येत नाही. गळला तर कळतं. आमचा गळायचा. नाकाखाली, बरोबर मिशीपाशी. तिथून बारीक शिट्टी वाजायची, सूं... सूं... दुरून कुणीतरी आपल्याला हाक मारत असल्यासारखी. हवा निम्मी तिथूनच जायची आणि श्वास पुन्हा अडायचा.

"वहिनी, मास्क बदलून उपयोग नाही," भाड्याच्या कंपनीचा मधुकर मला तिसरा मास्क देताना म्हणाला. "साहेबांची मिशी केवढी आहे! ती काढायला सांगा. टेन्शनच मिटलं."

त्याला काय सांगायचं? तो मुंबईत वाढलेला. आमच्या साताऱ्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना ओठ मोकळा केला, म्हणजे बापाला जिवंतपणी चितेवर ठेवल्यासारखं. आणि आमचे आबा, माझे सासरे धनाजीराव, गावी चांगले चालतेफिरते होते. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, आबा एकटे राहायचे, पण वाकायचं नाव नव्हतं. पांढरीशुभ्र मिशी, डोक्याला पटका, खांद्यावर काळं घोंगडं.

"मिशीचं नाव काढायचं नाही," हौसेराव दोन महिने सांगत राहिले. "मरंन, पण त्ये व्हनार न्हाई."

खरंच मेले असते. तिसरा मास्क आणला त्याच आठवड्यात गोदामात उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला, क्रेनला इशारा द्यायचा राहिला आणि सळ्यांचा बंडल एका माणसाच्या पायापासून वीतभर अंतरावर आदळला. मालकाने सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर घरी बसा. त्या दिवशी मी जेवले नाही. त्यांच्यासमोर बसून एवढंच म्हणाले, "मिशी ठेवायची की माझं कुंकू, तुम्हीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते सलूनमधून आले ते तोंडावर रुमाल धरूनच. रुमाल काढला, आणि मला माझा नवराच ओळखू येईना. ओठ केवढा कोवळा दिसत होता! मोठा माणूस पोरासारखा रडला.

"आबांना काय तोंड दाखवू, भामे?"

"वाढेल हो परत. आबांना कळणार आहे थोडंच?" मी म्हटलं आणि मास्क बांधला.

शिट्टी वाजली नाही. मशीनचा हलका घुंऽऽ असा आवाज आणि त्याखाली त्यांचा श्वास, एकसारखा. मी मोजत बसले. वीस मिनिटं, तीस मिनिटं. एकदाही तुटला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाठ करून स्वयंपाकाला लागले. मला इतकं हलकं वाटत होतं की आपण काही मागे सोडून आलोय, असं सारखं वाटत राहिलं.

बारा वाजून गेले असतील. ऊन रणरणत होतं. बाजारातून लोखंडाचा खणखणाट यायचा, तोही जेवणाच्या सुट्टीमुळे थांबला होता. एकदम धुराचा वास आला. शेणकुटाचा, गावच्या चुलीचा. आमच्या ओळीत सगळ्यांकडे गॅस. मी वळून पाहिलं, तर दारात आबा उभे.

"अगं बाई, आबा! कळवायचं तरी. एसटीने आलात का?"

उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहून ते आत, खाटेकडे बघत होते. मी पदर घेतला, पाया पडायला वाकले, तर ते पाय मागे घेऊन उंबऱ्यावर बसले. मी तांब्याभर पाणी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांची नजर पोराच्या ओठावरून हलेना. मास्क पारदर्शक होता, सगळं दिसत होतं.

"कोण गेलं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही, आबा. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून... मास्क बसत नव्हता. रागावू नका. मीच हट्ट केला."

आबा मिशीतल्या मिशीत हसले. "मंजी... मीच गेलो आसंन."

"काहीतरीच काय आबा!" मी हसून म्हटलं. ते नेहमीच असली थट्टा करायचे.

पण त्यांचं बोलणं मधे मधे तुटत होतं. दोन शब्द बोलायचे आणि थांबायचे. इतका वेळ थांबायचे, की मी मनात आकडे मोजायला लागायचे. त्या थांबण्यात त्यांची छाती हलत नव्हती. खोलीत श्वासाचा आवाज एकच येत होता, मशीनखालचा.

"ह्ये यंत्र... श्वास देतं व्हय?"

"अडू देत नाही, आबा."

"माजा बी अडतो. रातच्याला." त्यांनी घोंगडं आवळून घेतलं. एवढ्या उन्हात. "तुजी सासू हुती... तवर ढोसायची. आता कोन ढोसनार?... मला लावतीस का? जरा येळ?"

हे सांगताना आजही माझी जीभ जड होते. मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "आबा, तो यांच्या मापाचा आहे. दोन महिन्यांनी आज कुठे नीट बसलाय. आता काढला तर झोपमोड होईल. पुढच्या महिन्यात तुम्हाला डॉक्टरांकडे नेऊ की."

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "पोराला निजू दे. लई वर्सांनी निजलाय."

त्यांनी नुसता हात पुढे केला. उंबऱ्यावरूनच. मास्कच्या भोकांतून उच्छ्वास बाहेर पडतो, त्याच्या दिशेने तळवा धरला, शेकोटीवर धरतात तसा.

"चहा टाकते," म्हणून मी ओट्याकडे गेले. आलं किसून होईपर्यंत मागे वळले नाही. वळले तेव्हा उंबऱ्यावर कुणी नव्हतं. तांब्या काठोकाठ भरलेला. रस्त्यावर जाऊन पाहिलं. सरळसोट रस्ता, ऊन, आणि नळाशी झोपलेलं एक कुत्रं. ते भुंकलंसुद्धा नव्हतं.

मी परत आत येतेय तोच यशोदाबाई धावत आली. आमचे फोन तिच्याकडे यायचे. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं.

फोनवर गावाहून चुलत सासरे रावसाहेब बोलत होते. "सकाळधरनं लाइन लागंना गं पोरी. आबा गेलं. झोपेतच. दिस उगवायला बघितलं, तर गार पडल्यालं."

मी यजमानांना उठवलं. मास्क मीच काढला. काय सांगितलं ते आठवत नाही. त्यांचा हात आधी ओठाकडे गेला, एवढं आठवतं.

गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. न्हावी येऊन बसला होता. त्याने कंदील यांच्या तोंडाजवळ धरला आणि वस्तरा तसाच मिटला. बायकांत कुजबुज झाली. निरोप पोचायच्या आधीच पोरानं मिशी उतरवली! यजमान मान वर करेनात. तेव्हा रावसाहेबांनीच त्यांना पोटाशी धरलं. "आबा गेलं पहाटं. तू उतरवलीस आठाला. तुज्या हातनं काय वंगाळ झालं न्हाई, पोरा. रगताला कळतं." त्या एका वाक्यावर माझा नवरा पुन्हा उभा राहिला. आजही त्यावरच उभे आहेत. म्हणून त्या दुपारचं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पण रावसाहेब पुढे आणखी बोलले होते. "आमची भिंत लागून. रातभर घोरनं चालायचं म्हाताऱ्याचं. पहाटं थांबलं. आमाला वाटलं, बरं झालं, लागली झोप."

मी तिथून उठून परसात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. अकरा वर्षं मी एका माणसाचे श्वास मोजले, आणि त्याच घराण्यातला दुसरा माणूस भिंतीपलीकडे एकटा अडकत होता. आणि तो दारात येऊन मागत होता, तेव्हा मी त्याला माप सांगितलं.

तेरा दिवस गावी होतो. गावात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून मशीन मी घरीच ठेवलं होतं. पिन काढून, टॉवेलात गुंडाळून, कपाटावर. गावी रोज रात्री मी यांना ढोसत राहिले. परतलो तेव्हा दाराला कुलूप तसंच होतं आणि टॉवेलही. फक्त मास्क बांधायला घेतला तर पट्टे आवळलेले निघाले. यांचं डोकं मोठं. त्या पट्ट्यात मावेना. घर तेरा दिवस बंद, कुणी हात लावला असेल असं कुणीच नव्हतं. मी गुपचूप सैल केले.

महिना भरला तसा मधुकर मशीन तपासायला आला. मशीन किती तास चाललं, ते त्याच्या पाठीवरच्या आकड्यांत दिसायचं. आकडे पाहून तो खूश झाला.

"वहिनी, पेशंट असावा तर असा! एक दिवस खाडा नाही."

"आम्ही तर..." मी बोलायला लागले आणि थांबले.

"काय?"

"काही नाही. सोबत नेलं होतं गावाला," मी म्हटलं. पहिल्यांदाच कुणाशी इतकं सहज खोटं बोलले असेन.

त्या दिवशी यजमान संध्याकाळी सात वाजता कामावर गेले. मी देवापाशी दिवा लावला. मग मशीन खाटेजवळ घेतलं, स्वच्छ उशी मांडली, पट्टे गावाहून आल्यावर निघाले होते तेवढेच आवळले आणि मास्क उशीवर ठेवून बटण दाबलं. रिकामा मास्क मोठ्याने फुसफुसतो. सगळी हवा मोकळीच जाते ना. तसा तो फुसफुसत राहिला. मला माझंच हसू आलं आणि रडूही.

"आबा," मी म्हटलं, "चुकलं माझं. या. आता लावा."

फुसफुस तशीच चालली. मी उठणार, इतक्यात शेणकुटाचा वास आला. आणि आवाज हळूहळू बसत गेला... कुणी कानामागे पट्टा सारखा करून डोकं टेकवावं तसा. अगदी बसला. राहिली फक्त एक बारीक शिट्टी. सूं... सूं...

यांची मिशी उतरून महिना होऊन गेला होता, आणि तेव्हापासून ती शिट्टी मी ऐकली नव्हती.

"आवळ होतंय का, आबा?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

शिट्टी चालू राहिली. किती शांत चालली होती! मी उशीशी, जमिनीवर बसून ऐकत होते. आणि मधेच ती थांबली. मशीन चालू, दिवा चालू, शिट्टी नाही. मी मोजायला लागले. दहा... पंधरा... वीस... अकरा वर्षांची सवय. मला काही कळायच्या आत माझं कोपर पुढे गेलं.

ते उशीपर्यंत पोचलंच नाही. त्याच्या अलीकडेच खरखरीत लोकरीला टेकलं. आणि एक मोठा आचका बसून शिट्टी पुन्हा सुरू झाली.