धाकटी काही मुद्देमाल नाही!

"टॉवेलांचं गाठोडं मी घेणार! कालच्या चादरींनी माझे खांदे अजून दुखताहेत!" फाटे ओरडला.

"मग रड," ताई म्हणाली आणि चादरींचं गाठोडं त्याच्याच सायकलला बांधून मोकळी झाली.

फाटे हे काही त्याचं खरं नाव नव्हे. साध्या गोष्टीलाही फाटे फोडायची त्याला सवय होती, म्हणून घरात तेच नाव पडलं होतं. ताई त्याच्याहून मोठी आणि पिटुकली सगळ्यांत लहान. तिघं भावंडं सुट्टीला मामाकडे आली होती.

मामाची लाँड्री होती. दरवर्षी मामी घोडागाडीतून धुतलेले कपडे पोचवायची आणि पोरं गाडीत मागे बसून दंगा करायची. या वर्षी मामी नव्हती. हिवाळ्यात एका भरधाव ट्रकने गाडीला धडक दिली आणि मामी जागच्या जागी गेली. ट्रकवाल्यावर खटला सुरू होता. मोडकी गाडी आणि घोडी पोलिसांनी पुरावा म्हणून जमा केली होती.

घोडीचं नाव धाकटी. "मला बहीण नाही ना, म्हणून ही माझी धाकटी," असं मामी सांगायची.

मामा चौकशीला गेला तेव्हा त्याला उत्तर मिळालं, "मुद्देमाल सुखरूप आहे. निकाल लागला की या." त्यानंतर मामाने काही विचारलं नाही. हल्ली तो कुणालाच काही विचारत नसे. इस्त्री गरम करायचा आणि ती गार होईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचा. म्हणून कपडे पोचवायचं काम पोरांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्या दिवशी कोर्टाचे पडदे द्यायचे होते. मागच्या दाराशी सायकली लावून पिटुकलीने मामीची पितळी घंटा वाजवली. मामी दारोदार हीच घंटा वाजवायची.

ठक्!

आवाज शेजारच्या पत्र्याच्या कोठीतून आला. कोठीला भलंमोठं कुलूप होतं.

"पुन्हा वाजव!" ताई म्हणाली.

घंटा वाजली. ठक्! ठक्!

"हे तर खूर आपटल्यासारखं वाटतंय," फाटे म्हणाला. घंटा वाजली की खूर आपटायची सवय कुणाला होती, ते तिघांनाही ठाऊक होतं.

पत्र्याला एक फट होती. तिघांनी डोकी एकमेकांवर रचून आत पाहिलं. जप्त केलेल्या सायकली, गंजलेली कपाटं, चाक मोडलेली मामीची गाडी, आणि गाडीला बांधलेली एक घोडी. तिच्या फासळ्या दिसत होत्या.

"ही धाकटी नाहीच!" पिटुकली म्हणाली. "धाकटी केवढी गुबगुबीत होती!"

घोडीने फटीला नाक लावलं. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. पिटुकलीने बोट आत घातलं, आणि मग ती रडायलाच लागली.

गाडी ओढायचा पट्टा अजून धाकटीच्या अंगावर होता. बकलावर लाल लाखेचं सील होतं. अपघाताच्या दिवसापासून तो पट्टा कुणी काढलाच नव्हता. खांद्यापाशी तो कातडीत रुतला होता आणि जखमेवर माश्या बसल्या होत्या.

"ए, कोण आहे तिकडे? चला, पळा!" कोठीचे कारकून चहाचा कप हातात घेऊन आले.

"काका, तिचा पट्टा काढा ना! जखम झालीय तिला!" ताई म्हणाली.

"सील तोडू? माझी नोकरी घालवता काय? मुद्देमाल आहे तो. जसाच्या तसा ठेवायचा हुकूम आहे."

"पण ती जिवंत आहे!"

"सायकल असो नाहीतर घोडी, कोठीत आली की माल."

"तिला खायला कोण देतं?"

"टाकतो की गवत. आठवण झाली की टाकतो." कारकुनांनी चहाचा घोट घेतला. "मला कुणी घोडी सांभाळायला ठेवलेलं नाही, बाळ. मी माल सांभाळतो."

ते गेले. पिटुकली हुंदके देत होती. फाटे मात्र पुटपुटत होता, "जसाच्या तसा... जसाच्या तसा..." आणि अचानक त्याने सायकलवर टांग टाकली. "ताई, घरी चल! मामीचा फोटो पाहिजे!"

भिंतीवर मामी आणि धाकटीचा फोटो होता. फाटे स्टुलावर चढून तो काढत होता, तेवढ्यात मामाने विचारलं, "कुठे नेताय तो?"

ताईने सगळं सांगितलं. मामाने इस्त्री उभी केली.

"अजून पट्टा आहे तिच्या अंगावर?" त्याने विचारलं. मग चपला घालायचं विसरून तो तसाच पोरांबरोबर निघाला.

कोर्टाची जेवणाची सुट्टी होती. न्यायाधीशबाई व्हरांड्यात डबा उघडत होत्या. शिपाई "थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत फाटे त्यांच्यासमोर उभा.

"बाई, तुमच्या कोठीतला माल गायब होतोय!"

"काय?" बाईंनी डबा बंद केला. "कुठला माल?"

"अपघाताच्या खटल्यातला! जवळजवळ अर्धा गेला! आत्ता चला, नाहीतर उरलेलाही जाईल!"

बाई तडक खाली आल्या. कारकुनांनी घाईघाईने कुलूप काढलं. "काहीतरीच काय! या कोठीतून कधी खिळासुद्धा हललेला नाही!"

फाटेने फोटो धाकटीच्या शेजारी धरला. "हा तुम्ही जमा केलेला माल. आणि हा आजचा. जसाच्या तसा ठेवायचा हुकूम होता ना? मग बाकीची घोडी कुठे गेली?"

कारकून पुढे आले. "बाई, शपथेवर सांगतो, मी कशाला हात लावला नाही! सीलसुद्धा तसंच आहे!"

"तेच बघतेय मी," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्या पट्ट्याकडे पाहत होत्या. "सील तोडा."

"पण बाई, नियमाप्रमाणे..."

"सील तोडा म्हणते ना!"

कारकून नुसतेच लाखेशी चाचपडत राहिले. शेवटी मामाच पुढे झाला. त्याने लाख फोडली आणि बकल सोडलं. पट्ट्याबरोबर कातडीही निघाली. धाकटी जागेवरून हलली नाही.

"झालं हं, धाकटे. झालं, झालं," मामा म्हणत राहिला.

धाकटीने त्याचा हात हुंगला. मग कान उभे करून ती त्याच्या मागे, उघड्या दाराकडे बघायला लागली. ती कुणाची वाट बघतेय ते सगळ्यांना कळलं.

"नाही गं," मामा म्हणाला. "मी एकटाच आलोय."

बाईंनी घोडी मामाच्या ताब्यात द्यायचा हुकूम तिथेच केला. पोरं तिला हळूहळू चालवत, थांबत थांबत घरी घेऊन आली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जखम धुतली, सलाईन लावलं आणि मामाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. पोरांना ते ऐकू आलं नाही, पण कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत धाकटी गेली. तिचं डोकं मामाच्या मांडीवर होतं.

संध्याकाळी न्यायाधीशबाई आल्या. कारकूनही आले होते. हिरव्या गवताचा मोठा भारा घेऊन ते फाटकात शिरले आणि रिकामं अंगण बघून तिथेच उभे राहिले. त्यांना भारा खाली ठेवता येईना. ताईने तो त्यांच्या हातातून घेतला.

"बाई, माणसाला असं सील लावून ठेवता येतं का?" फाटेने विचारलं.

"नाही. माणसाला हक्क असतात."

"आणि तिला?"

"कायद्याच्या लेखी ती पुराव्याची वस्तू होती. तिच्या वतीने तक्रार घेऊन कुणी आलंच नाही. वस्तूच्या वतीने कोण येणार?"

"पण तिला दुखत होतं," पिटुकली म्हणाली. "सायकलला कुठे दुखतं?"

न्यायाधीशबाई तिच्याजवळ खाली वाकल्या. मग म्हणाल्या, "आजपासून त्या कोठीत जिवंत जनावर जाणार नाही. तसा हुकूम मी काढलाय. माझ्या हातात तेवढंच होतं. कायदा बदलायचा तर तुमच्यासारखी पुष्कळ माणसं लागतील. शाबास, मुलांनो. मला जे दिसायला हवं होतं ते तुम्ही दाखवलंत."

"कसली शाबासकी!" फाटे म्हणाला. "मेली ना ती! काय उपयोग झाला?"

मामा पायरीवर बसला होता. त्याने फाटेला जवळ ओढलं. पिटुकली आपणहून येऊन त्याला चिकटली. ताई गवताचा भारा धरून उभी होती. मामाने तिलाही हात केला.

"उपयोग झाला रे," मामा म्हणाला. "तुमची मामी रस्त्यावर गेली. मला तिला घरी आणता आलं नाही. धाकटीला तुम्ही आणलंत."