कोंडलेली ओल

भिंतींचे पोपडे खरवडता खरवडता त्याचं स्वतःचं नाव कधी गळून पडलं, ते त्यालाही कळलं नाही. अख्खी गल्ली त्याला पोपडेमामाच म्हणायची. ओल हुडकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भिंतीवर बोटानं टकटक करायचा, नाक लावून वास घ्यायचा, आणि वैद्यानं नाडी बघावी तसा डोळे मिटून उभा राहायचा. बायका चेष्टा करायच्या, "काय मामा, भिंतीला दिवस गेलेत का?"

अशात शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं त्याला बोलावलं. तिची लेक दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी यायची होती. बाळ मूठभर, त्यात छाती भरलेली. ओलसर खोलीत ठेवलंत तर हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि घरात रिकामी खोली एकच, मागची, कित्येक वर्षं बंद. तिच्या भिंतीवर, बरोबर खाटेच्या उशाशी, ताटाएवढा ओला डाग.

मामानं बाहेरचे नळ पाहिले, गच्ची पाहिली, पायाशी उकरून पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत. मग त्यानं नेहमीची युक्ती केली. डागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा लावला आणि चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. पाणी तुकड्यामागे साचलं तर ओल भिंतीतली. पुढच्या बाजूला साचलं तर खोलीतली, माणसांच्या श्वासाची. खोलीला कुलूप घातलं, किल्ली बाईनं कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी तुकडा धुकटला होता. मामानं बोट फिरवलं. बोट ओलं झालं, प्लॅस्टिकवर लख्ख रेघ उमटली. पाणी पुढच्या बाजूला होतं.

"ताई, इथं निजतं कोण?"

"कोणी नाही."

"मग उंदीर घोरत असतील," मामा म्हणाला, आणि एकटाच हसला.

खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला. डाग हटेना. मामा एरवी सगळ्यांना सांगायचा, ओल म्हणजे आगंतुक पाहुणी, तिला बाहेरची वाट दाखवावी, आत घालून दार लावू नये. कुठून येते ते कळल्याशिवाय त्यानं आजवर एकही भिंत बंद केली नव्हती. पण लेकीचं येणं चार दिवसांवर आलं आणि बाई अगदी रडकुंडीला आली.

"भाऊ, माझं नातवंड त्या भिंतीशी निजणार आहे. काहीही करा, पण बंद करा ती."

मामा विरघळला. पोपडे काढले, पाणी न धरणारा गिलावा चढवला, तो सुकल्यावर रंग दिला. भिंत नव्या नवरीसारखी दिसायला लागली.

लेक आली. पहिल्याच रात्री बाळाचा खोकला पळाला. बाईला आकाश ठेंगणं झालं. बाळ भिंतीकडे तोंड करूनच झोपतं, कूस बदलली की रडतं, हेही तिनं कौतुकानं सांगितलं. मामानं सवयीप्रमाणे नव्या रंगावर तुकडा चिकटवला आणि दुसऱ्या दुपारी तो काढायला आला. लेक बाळाला घेऊन स्वयंपाकघरात बसली होती.

तुकडा धुकटलेला होता.

मामानं बोट फिरवलं. बोट कोरडं. पुन्हा फिरवलं. धुकं जागचं हललं नाही. आता ते मागच्या बाजूला होतं.

मग ते आटलं.

पुन्हा पसरलं. पुन्हा आटलं.

मामानं छिन्नी काढली आणि हलकाच एक घाव घातला. स्वयंपाकघरात बाळ खोकलं. असेल योगायोग, म्हणून त्यानं दुसरा घातला. या खेपेला खोकला थांबेचना. मामाचा हात खाली आला, तेव्हा कुठं थांबला.

"मामा," लेकीनं तिकडून विचारलं, "गेली ना हो ओल?"

धुकं आटलं होतं. मामा वाट बघत राहिला. परत यायला धुक्याला जरा उशीरच झाला, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाळाचं हूं की चूं नाही.

मग धुकं पसरलं. तिकडे बाळानं सुस्कारा टाकला.

"गेली," मामा म्हणाला.

त्यानं पुट्टीचा गोळा घेतला आणि छिन्नीची चीर बुजवायला अंगठा टेकवला. चिरेतून कोमट वारा येत होता. त्याला दुधाचा वास होता.