एकटीची मंडळी

“चालती हो माझ्या घरातून! तुझ्या प्रार्थनेपायी माझी नातवंडं उपाशी मरायची काय?”

सासूचे, छबुबाईंचे, ते शब्द कानी पडले आणि सत्यभामेच्या हातातले पोतेरे गळून चुलीपुढे पडले... नवरा जाऊन वर्षही झाले नव्हते, आणि आता हाही आधार तुटत होता!

बहात्तरचा दुष्काळ. शिरूर कासारजवळच्या त्या गावातली मोजकी ख्रिस्ती घरे सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला निघाली होती. पण मुकादमाची अट होती, टोळीत येशूची प्रार्थना चालणार नाही. धाकट्या दिराने, मुंजाजीने, मान खाली घालून होकार दिला. त्याच्यामागून साऱ्या मंडळीने दिला. सत्यभामा तेवढी ‘नाही’ म्हणाली, आणि मुकादमाने मुंजाजीलाच अडवले: “आधी तिला घराबाहेर काढ!”

“भाऊजींना जाऊ द्या, आत्याबाई. लेकरं जगली पायजेत. मी निघते,” ती म्हणाली. “पर प्रभूला न्हाई म्हनायला माझी जीभ वळत न्हाई वो...”

गावाच्या कडेला असलेल्या प्रार्थनेच्या खोपटात ती राहू लागली. आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि रविवारी दार सताड उघडून, रिकाम्या सतरंजीपुढे बसून, ज्यांनी तिला टाकले त्यांच्याचसाठी व्याकूळ होऊन प्रभूला आळवायची!

उन्हाळ्यात घरी एकट्या राहिलेल्या छबुबाई तापाने फणफणल्या. कळताच सत्यभामा धावली. कामावर खायला मिळालेली सुकडी पाण्यात कालवून तिने त्यांच्या ओठांशी धरली.

“कावून गं करतीस माझं? म्या तर तुला हाकललं...”

“तुमी माझ्या आत्याबाई हायत.”

छबुबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “रविवारी कुडाआड हुभी राहून ऐकते म्या तुला. एकटीला भ्या न्हाई वाटत?”

“लई वाटतं, आत्याबाई! म्हनून तर मोठ्यानं म्हनते.”

म्हातारीने तिला छातीशी ओढले, आणि दोघी पोटभर रडल्या. तरी मुंजाजीचे काम जाऊ नये म्हणून सत्यभामा खोपटातच राहिली.

दुसऱ्या साली मुकादम तीच अट घेऊन आला. मुंजाजीची मान पुन्हा खाली गेली... तोच छबुबाई काठी टेकत पुढे आल्या.

“मुंज्या, मान वर कर! माझ्या सुनेनं एकटीनं येशूला धरून ठिवलं, आन आपन इतके जन असून सोडावं? मुकादम, न्यायचं तर आमाला प्रार्थनेसकट न्या!”

मग मुंजाजी आईशेजारी जाऊन उभा राहिला. एकेक करीत सारी मंडळी त्याच्यामागे आली.

मुकादम तणतणत गेला. पण ऊस तोडायला त्याला माणसे हवीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाड्या घेऊन आला, आणि अटीचा शब्दही त्याने काढला नाही.

“वैनी, माफ करा मला...” मुंजाजी तिच्यापुढे येऊन म्हणाला. “तुमी पन चला. तिथं आमची प्रार्थना कोन घेईल?”

“तुमी घ्या, भाऊजी. आत्याबाईंपाशी कुनीतरी पायजे.”

मुंजाजीने डोळे पुसले, आणि मुकादमादेखत, भर रस्त्यात, अडखळत का होईना, तो प्रार्थना म्हणू लागला.

छबुबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

“चल, लेकी... घरी चल!”