सुटकेची पट्टी

आईचं मनगट मोडलं, यथावकाश प्लास्टरही निघालं, पण कपडे पिळण्याची ताकद काही परत आली नाही. म्हणून बाबांनी ते धूड घरी आणलं. बंद पडलेल्या एका शाळेच्या वसतिगृहाच्या धुलाईखोलीतून भंगारात निघालेलं, फार जुनं यंत्र. चार पायांवर गोल पिंप आणि त्याच्या डोक्यावर विजेवर फिरणारे दोन रबरी रूळ, एकावर एक. ओला कपडा एका बाजूने भरवायचा, की दुसऱ्या बाजूने कागदासारखा चपटा निघतो.

"हे चालेल?" आईने विचारलं.

"पळेल!"

"आधी उभं तरी राहू दे." त्याचा एक पाय आखूड होता.

मागच्या मोरीत तीन रविवार काम चाललं. मदतनीस मीच, कारण मी बडबड करत नाही आणि मागायच्या आत नेमका पान्हा पुढे करते. गंज रॉकेलने भिजवून खरवडला. जुनं ग्रीस मधासारखं घट्ट झालं होतं. त्याला साबणाचा वास येत होता, एवढं मात्र मला तेव्हाही विचित्र वाटलं.

रुळांच्या वर तळहाताएवढी रुंद लोखंडी पट्टी होती. हात अडकला तर तिच्यावर थाप मारायची. खटका सुटतो आणि रूळ एकमेकांपासून दूर होतात. बाबा तिला सुटकेची पट्टी म्हणायचे.

यंत्र चालू झालं त्या दिवशी आईने पहिला टॉवेल भरवला. अर्धा गेला, आणि खाट्! रूळ उघडले. पुन्हा भरवला, पुन्हा खाट्. बाबांनी स्प्रिंग बदलली. तरी तेच.

"माझ्या सासरचंच दिसतंय," आई म्हणाली. "दोन मिनिटं काम, की लगेच विश्रांती."

मी बघत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी एकटीनेच चाचणी घेतली. कपडा लाकडी काठीने ढकलला, तर पट्टी गप्प. हाताने भरवला आणि बोटं रुळांच्या जवळ गेली, की खाट्. दहा वेळा केलं. दहाही वेळा तसंच.

हे सांगायला मला रविवार उजाडला. बाबा पट्टीला लाल रंग देत होते.

"बाबा, ती... हात जवळ आला की सुटते."

"बोललीस! मला वाटलं, तोंडाची किल्ली हरवली." ते हसले. "म्हणजे तिला आपली काळजी आहे म्हण की."

"तसंच... वाटतं."

"काळजी राहू दे. आईचे कपडे पिळून निघू देत." रंगाला धक्का न लावता त्यांनी खटका खालून तारेने बांधला आणि पकडीने सहा पीळ दिले. मी मोजले. हे बरोबर नाही, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुपारी यंत्र सुरेख चाललं. चादरी सरसर निघत होत्या. आई हसली, कितीतरी दिवसांनी. मग ती बादली घेऊन गच्चीवर गेली आणि बाबा दोरी ताणायला तिच्यामागोमाग. "मोजे तेवढे काढ," ते म्हणाले.

एक मोजा खाली पडला. तो उचलायला मी वाकले आणि माझी वेणी खांद्यावरून पुढे आली.

दुखलं नाही आधी. कोणीतरी लाडाने ओढावं तसं वाटलं. मग गाल थंड रबराला टेकला. बटण भिंतीवर, हात पुरेना. पट्टीवर थाप मारली. ती ढिम्म. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज... माझा आवाज असाच आहे, वर्गातही निघत नाही. कानाशी फक्त रुळांची घरघर आणि साबणाचा वास. ताजा, ओला वास.

खाट्.

रूळ उघडले. मी मागे जमिनीवर पडले.

आई-बाबा खाली आले तेव्हा तार फरशीवर पडलेली होती. तुटलेली नव्हे. सहाच्या सहा पीळ उलगडून सरळ केलेली. बाबांनी ती उचलली, बराच वेळ बघितली. मग माझं डोकं पोटाशी धरलं.

"चुकलं माझं, बाळा."

"मी थाप मारली होती... पण ती सुटली नाही."

आईने माझा हात उलटून पाहिला. तळव्यावर लाल रंग होता. पट्टीवर माझा पंजा उमटला होता. त्याच्या शेजारी आणखी एक, लहान. त्याला दोन बोटं पेरापासून पुढे नव्हती.

बाबांनी पुन्हा तार बांधली नाही, पट्टीवर रंगाचा दुसरा हातही दिला नाही. आता आम्ही कपडे काठीने भरवतो आणि यंत्र उत्तम चालतं.

याला चार महिने झाले. पट्टीवरचा रंग कधीच खडखडीत वाळला, माझ्या पंज्यातलासुद्धा. काल पुसताना माझं बोट त्या लहान पंज्यावर गेलं. तिथला रंग ओला होता. आणि कोमट.